पाठमोऱ्या पारूबाई

कबनूरची माणसं कोल्हापूर बघायला जात नाहीत. कोल्हापूरला जाण्याची त्यांची कारणं ठरलेली आहेत. कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरीत अडकलेला एखादा कागद, नाहीतर दवाखाना. त्यातही पहिल्या दोन कारणांसाठी माणूस स्वतः जातो आणि तिसऱ्यासाठी त्याला नेतात. मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या भरून येतात, मिसळ खाऊन घाम पुसतात, नव्या चपला करकर वाजवत रंकाळ्यावर फोटो काढतात आणि कलानगरी पाहिली म्हणत परत जातात. कबनूरकर हे सगळं ऐकून घेतो आणि मान हलवतो. इतक्या जवळचं शहर बघायला जायचं म्हणजे आपल्याच परड्यात सहल काढण्यासारखं आहे.

म्हणूनच एका गुरुवारी सकाळी पारूबाई कांबळे यांनी चहा पिताना, "रविवारी मला कोल्हापूरला जायचंय," असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या मुलाच्या, धम्मपालच्या, हातातलं बटर चहात बुडालं ते पुन्हा वर आलंच नाही.

"काय दुखतंय?" त्यानं विचारलं.

"काही दुखत नाही."

"मग कशाला?"

"प्रदर्शन आहे. इंगळे मास्तरांच्या चित्रांचं. रविवारी संपतंय."

धम्मपाल शाळेत गणित शिकवतो. प्रश्नातच चूक असेल तर उत्तर शोधण्यात वेळ घालवू नये, असं तो मुलांना नेहमी सांगतो. त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग बुडालेल्या बटराकडं. त्याच्या बायकोला, रूपालीला, शनिवारी माहेरी जायचं होतं, त्यामुळं तिनं या विषयात न पडता सासूच्या कपात आणखी चहा ओतला. त्या घरात कुणाला काय बोलावं ते सुचलं नाही की दुसऱ्याच्या कपात चहा ओतायची पद्धत आहे.

बातमी आणली होती नातीनं, श्रुतीनं. मास्तरांच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून त्यांच्या शिष्यांनी कुणाकुणाच्या घरातून चित्रं गोळा करून राजारामपुरीतल्या एका कलादालनात मांडली होती. पेपरात चित्रांची नावं होती, त्यात एक नाव होतं 'खिडकी'. ते चित्र बंगळूरच्या कुणा मालकाकडून आलं होतं आणि सोमवारी तिकडंच परत जाणार होतं. पारूबाईंनी ते कात्रण दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पदराला पुसला. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं.

पारूबाई एकोणीस वर्षांच्या असताना नेसरीहून कोल्हापूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला आल्या. राहायच्या होस्टेलवर, पण दर रविवारी मंगळवार पेठेत आत्तीकडं, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडं. त्या वेळचं कोल्हापूर आता कुणाला सांगून पटायचं नाही. गल्लीत शिरलं की एका घरातून तालमीतल्या तांबड्या मातीचा वास यायचा आणि शेजारच्या घरातून टर्पेंटाइनचा. सायकलवरून जाणाऱ्या माणसाची नखं बघून तो कोणता रंग लावून आलाय ते पोरं ओळखायची. आणि या सगळ्यांत मोठे होते इंगळे मास्तर. आत्ती त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात झाडलोट करायची. एका रविवारी ती वर्ग झाडत होती आणि पारू खिडकीत बाहेर बघत बसली होती, तेव्हा मास्तर जिना चढून आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "ही पोरगी बसलीय तशीच बसू दे."

आत्तीनं हातातला झाडू खाली ठेवला नाही. ती म्हणाली, "मास्तर, पोरगी उद्या नर्स व्हायची हाय, लगीन व्हायचं हाय. बसू दे, पर तोंड दाखवायचं न्हाय. पाठीला कोण नाव ठेवत न्हाय."

"मला तोंड नकोच आहे," मास्तर म्हणाले.

पारूला ते थोडं लागलं. पण ती बसली. पुढचे कितीतरी रविवार बसली. खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं, तिथं एक पेंटर शिडीवर चढून कुठल्याशा सिनेमाच्या पोस्टरवर नायिकेचा चेहरा रंगवत असायचा. एका रविवारी कान व्हायचा, एका रविवारी भुवई. समोर एका बाईचा भला मोठा चेहरा तयार होत होता आणि मागं पारूची पाठ. चित्र पुरं व्हायच्या आत तिचं ट्रेनिंग संपलं, नेमणूक गारगोटीकडं झाली, आणि आपली पाठ कशी निघाली ते तिला कधी बघायलाच मिळालं नाही.

लग्नानंतर तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." सज्जन माणूस होता, पण त्या विषयावर तो आयुष्यभरात एवढाच बोलला. मुलाला सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटलं नाही, आणि खरं असलं तर फार बरं वाटलं नाही. मात्र कुणालाही सांगताना पारूबाई एक गोष्ट गाळत आल्या होत्या. एका मोठ्या चित्रकारानं माझं चित्र काढलंय, एवढंच त्या सांगायच्या. ते कुठल्या बाजूनं काढलंय हे कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगावं असं त्यांना वाटलं नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते चित्र एकदा बघावं, आणि आपल्या माणसांनी ते बघून, व्हय, ही तूच, असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सोमवारी ते बंगळूरला गेलं की तिथं ओळखणार कोण?

"जाऊया," धम्मपाल शेवटी म्हणाला. "पण गल्लीत सांगू नको. शाळामास्तरची आई चित्राला बसत होती म्हणजे लोक काय म्हणतील." पारूबाईंनाही ते सोयीचं होतं. सगळी गडबड इथंच झाली.

धम्मपालकडं मोटरसायकल आहे, आणि पारूबाईंच्या गुडघ्यांचं आणि मोटरसायकलीचं जमत नाही. म्हणून त्यानं समोरच्या चिमणाबाईंकडं गाडी मागितली. त्यांच्या मुलाची, विश्वजितची, व्हॅन आहे. तिच्यातून तो मागावरचे तागे पोचवतो, त्यामुळं मधलं सीट काढून टाकलेलं. आईला तिथं गादी घालावी लागेल, हे धम्मपालनंच त्यांना सांगितलं.

"सिस्टरना कोल्हापूरला न्यायचं हाय व्हय?" चिमणाबाईंनी विचारलं. गल्ली पारूबाईंना सिस्टरच म्हणते. निम्म्या गल्लीच्या दंडावर त्यांनी टोचलेल्या देवीचा वण आहे. "जास्त हाय?"

"न्हाय ओ, काय न्हाय," धम्मपाल खाली बघत म्हणाला.

आमच्या भागात आईला कोल्हापूरला न्यायच्या वेळी मुलगा "काय न्हाय" म्हणत खाली बघायला लागला, की पुढं काही विचारत नाहीत. विचारणं बरं दिसत नाही.

शुक्रवारी चिमणाबाई स्वतः किल्ली द्यायला आल्या. पारूबाई बाहेरच्या सोप्यात स्टुलावर बसल्या होत्या, नेहमी बसतात तशा. सगळा भार एका कुशीवर आणि डावा हात मागं कमरेवर, तळवा बाहेरच्या बाजूला. ही त्यांची लहानपणापासूनची सवय. सासूनं टोकलं, मेट्रननं टोकलं, पण हात आपला तिथंच. चिमणाबाई त्या हाताकडं बघत राहिल्या.

"कधीपास्नं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"ऱ्हाऊ दे. सांगायचं नसलं तर ऱ्हाऊ दे." त्यांनी किल्ली ठेवली, शेजारी एक पिशवी ठेवली. तिच्यात खण, नारळ, हिरव्या बांगड्या. "ही अंबाबाईची ओटी. तुमचं देवाचं न्हाय मला म्हाईत हाय. पर मी तुमच्या नावानं नवस बोललोय, तेवढी पोचती करा. गाडीचं भाडं म्हणून समजा."

पारूबाईंच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, अंबाबाईच्या रांगेत त्या घरातलं कुणी कधी उभं राहिलेलं नाही. पण गाडी शेजारणीची होती आणि ओटी मायेची होती. पारूबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. चिमणाबाई घरी गेल्या आणि त्यांनी नेसरीला बाळासोंना, म्हणजे पारूबाईंच्या धाकट्या भावाला, फोन लावला.

रविवारी सकाळी सगळी गल्ली आपापल्या दारात होती. दर रविवारी विहारात जाताना नेसतात ती पांढरी साडी पारूबाई नेसल्या होत्या. गुडघा धरला होता म्हणून एका बाजूनं धम्मपाल आणि एका बाजूनं श्रुती. गादी, उशी, चहाचा थर्मास. श्रुतीच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. पेपरचं कात्रण चुरगळू नये म्हणून तिनं ते आज्जीच्या गुडघ्याच्या एक्स-रेबरोबर ठेवलं होतं. गल्लीनं हे सगळं बघितलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं रेडिओ बंद केला.

"एवढे का बघताहेत?" पारूबाईंनी गादीवरून विचारलं.

"तुला कधी गाडीतून जाताना बघितलेलं नाही त्यांनी," धम्मपाल म्हणाला.

कोल्हापुरात शिरल्यावर धम्मपालच्या अंगात पर्यटक संचारला. आलोच आहोत तर सगळंच बघू, असं त्यानं ठरवलं. आधी मिसळ, त्यासाठी रस्त्यावर उभं राहून रांग. मग रंकाळा, कारण आज्जीला रंकाळा दाखवायचा श्रुतीचा हट्ट. ज्या बाईनं ट्रेनिंगची अनाटॉमी रंकाळ्याच्या काठावर पाठ केली, तिला नात रंकाळा दाखवत होती. पारूबाईंनी तो शांतपणे बघून घेतला. काठावर काही मुलं पाण्याचं चित्र काढत बसली होती, तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं. बाकी जिथं तिथं सेल्फी.

"आता प्रदर्शन," त्या म्हणाल्या.

"ओटी," धम्मपाल म्हणाला. "ती राहिली तर मला उद्यापासून गल्लीत तोंड दाखवता येणार नाही."

तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा अंबाबाईच्या रांगेत उभा राहिला, तेही दुसऱ्याच्या नवसासाठी, आणि ती रांग सुट्टीच्या रविवारची होती. फोन त्यानं सकाळपासून गाडीतच ठेवला होता. पारूबाईंचा फोन घरी चार्जिंगला लावून राहिला होता. श्रुतीचा नंबर गल्लीत कुणाकडंही नव्हता, ती तिनं फार मेहनतीनं साधलेली गोष्ट होती. आज्जी आणि नात देवळाबाहेरच्या बाकावर बसून भेळ खात होत्या. उन्हं तापली, मग कलायला लागली. मग धम्मपाल बाहेर आला, कपाळाला कुंकू, हातात प्रसाद आणि चेहऱ्यावर एकाच गणिताला सगळा तास गेल्याचा भाव.

गाडीत फोन वाजत होता. आधी किती वेळा वाजून थांबला होता ते आता कळलं.

"उचलत का न्हाईस रं?" बाळासोंचा आवाज. "आम्ही सरकारी दवाखान्याच्या फाटकावर हाय. कुठल्या वॉर्डात ठेवलीया तिला?"

धम्मपालला काही सुधरेना. पारूबाईंनी फोन घेतला. "बाळासो, मी बोलतेय."

"आक्का," बाळासो म्हणाले आणि त्यांना हुंदका आला. "बोलू नगंस. दमशील."

"अरे, मला काही झालेलं नाही. मी इथं बाकावर बसून भेळ खाल्ली."

मग बाळासो फोन बाजूला धरून जीपमधल्या माणसांना सांगत होते ते ऐकू आलं. "भेळ खाल्ली म्हणत्या. डाक्टरनं सांगितलं असंल, आता काय पायजे ते घाला म्हणून." आणि जीपमधून बायकांच्या रडण्याचा आवाज आला.

ती जीप नेसरीहून पहाटेच निघाली होती. विहारात वंदनेला जमलेली भावकी तशीच, पांढऱ्या कपड्यांत, चढली होती. वाटेत शहाळी घेतली, बिस्किटांचे पुडे घेतले. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. कबनूरहून चिमणाबाई एसटीनं येऊन त्यांना मिळाल्या होत्या. सगळ्यांनी मिळून सकाळपासून शहरातले दवाखाने पालथे घातले होते, आणि पारूबाई कांबळे नावाची बाई कुठल्याही दवाखान्यात सापडत नाही म्हणून त्यांचा धीर सुटत चालला होता. दवाखान्यात नाही म्हणजे मग कुठं, हे बोलायची कुणाची तयारी नव्हती.

धम्मपाल आज्जी-नातीला गाडीत बसवून त्यांना आणायला निघाला. रस्ते एकेरी, जीप एका बाजूला आणि व्हॅन दुसऱ्या, दोघं एकमेकांना बघून हात करत आणि वळणं चुकत. अखेर एका चौकात गाठ पडली. सगळे व्हॅनभोवती उभे राहिले आणि गादीवर बसलेल्या पारूबाईंकडं बघत राहिले.

"तोंड सुकलंय," बाळासो म्हणाले.

"दिवसभर उन्हात आहे मी."

"आक्का, तू नेसरीपास्नं अशीच. दुखलं तरी सांगायची न्हाईस."

पारूबाईंनी सगळं सांगितलं. इंगळे मास्तर, प्रदर्शन, चित्र, आज शेवटचा दिवस. माणसांनी मन लावून ऐकून घेतलं. मग बाळासोंनी धम्मपालला बाजूला घेतलं. "डोक्यात गेलंय का रं तिच्या? चित्रंबित्रं बोलतीया."

"न्हाय मामा, प्रदर्शन खरं आहे."

"ते असंल. पर एवढी माणसं आल्यात. आता दाखवूनच जाऊ की डाक्टरला. मनाला बरं वाटंल सगळ्यांच्या."

चिमणाबाईंनी मान हलवली. "व्हय. कंबर दावाच सिस्टर. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. घटकाघटकाला कमरंवर हात."

येणाऱ्या माणसांचा मान राखावा लागतो. ती नेसरीहून आली होती, शहाळी घेऊन आली होती, सकाळपासून उपाशी होती. त्यांना तसंच परत पाठवायचं म्हणजे पारूबाईंनी मुद्दाम बरं राहून त्यांची फजिती केल्यासारखं झालं असतं. जवळच एक छोटा खाजगी दवाखाना उघडा होता. सगळे आत शिरले. कोवळ्या वयाच्या डॉक्टरनं पारूबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. तो उलटा गुंडाळला होता. त्यांनी तो सोडून नीट गुंडाळला आणि दंड परत पुढं केला.

ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. न वाढून काय करेल?

"तासभर पडून राहा आजी," डॉक्टर म्हणाला.

अशा रीतीनं पारूबाई शेवटी खरोखर कोल्हापूरच्या दवाखान्यात खाटेवर आडव्या झाल्या. भावकी भोवतीनं उभी राहिली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ज्यासाठी आलो होतो ते झालं. कुणी शहाळं फोडून आणलं, कुणी बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवला, कुणी पाय दाबायला घेतले. एका वहिनीनं आपल्या चुलत्याचंही असंच भेळ खाऊन झालं होतं, असं सांगायला सुरुवात केली आणि तिला इतरांनी गप्प केलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पारूबाई त्याच्याकडं बघत होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना असंच झोपवलं होतं आणि उठू नका म्हणून सांगितलं होतं. आपण किती जणांना कुठं जायचं असताना झोपवून ठेवलं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो बाजूला सारला.

श्रुती कानाशी वाकली. "आज्जी, पाचला बंद करणार आहेत."

"आई, चित्र मी तुला मोबाइलवर मागवून देतो," धम्मपाल म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो दमला होता, त्याच्या कपाळावर अजून कुंकू होतं आणि त्याला घरी जायचं होतं.

पारूबाई उठून बसल्या आणि पायानं चपला चाचपल्या. "गाडी काढ. नाहीतर मी रिक्षानं जाते."

"आक्का, डाक्टरनं सांगितलंय—"

"बाळासो, तू जन्मलास तेव्हा आईजवळ मी होते. तेव्हापासून मला कुणी दवाखान्याचं शिकवलेलं नाही. सरक."

बाळासो सरकले.

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं चुकायचा प्रश्नच नाही, या भरवशावर माणूस तिथं हमखास चुकतो. पुढं व्हॅन, मागं जीप, आणि विचारावं त्या प्रत्येकाचा वेगळा हात वेगळ्या दिशेला. एकानं तर "पावणं, आलासा तसं माघारी जावा," असं सांगितलं, आणि तेच बरोबर निघालं. कलादालनाच्या दारात एक चष्मेवाले गृहस्थ कुलूप हातात घेऊन उभे होते. पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं शहाळी घेऊन गंभीरपणे उतरताना बघून ते चपापले.

"मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली हो," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"चित्र बघायचंय," पारूबाई म्हणाल्या. "'खिडकी'."

"बंद झालंय, बाई. चित्रं उतरवायला माणसं येतील आता."

"साहेब," चिमणाबाई पुढं आल्या, "बाईंची तब्येत बरी न्हाय. आत्ताच दवाखान्यातनं उठवून आणलीया. मनातली इच्छा हाय. न्हाय म्हणू नगा."

दिवसभरात पहिल्यांदाच तो आजार कुणाच्या तरी उपयोगी पडला. गृहस्थांनी पारूबाईंकडं बघितलं, मग भावकीकडं, आणि कुलूप खिशात घातलं. शहाळी आत न्यायची नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. दाराशी चपलांच्या शेजारी शहाळ्यांची रांग लागली. माणसं हात पुढं बांधून, पाय न वाजवता, एकामागून एक आत गेली. आजाऱ्याच्या खोलीत जातात तशी.

चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. पारूबाईंनी ते लांबूनच ओळखलं. खिडकीची चौकट ओळखली, गजावरचा गंज ओळखला, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला आत्तीचा झाडू ओळखला. मास्तरांनी झाडू ठेवला होता चित्रात. खिडकीत बसलेली पोरगी मात्र त्यांना अनोळखी वाटली. आपली पाठ आपण कधी बघितलेली असते?

माणसं चित्रासमोर उभी राहिली. कुणी वाकून बघितलं, कुणी मागं सरकून.

"तोंड कुठाय?" शेवटी चिमणाबाईंनी विचारलं.

खिडकीबाहेर लांबवर पोस्टरवरचा तो अर्धा रंगवलेला चेहरा होता. एक डोळा, एक भुवई, लाल ओठ. बाळासोंनी बोट दाखवलं. "हीच न्हवं का आमची आक्का? हिची भुवई बघा की."

"ती सिनेमातली आहे," पारूबाई म्हणाल्या. "ही बसलीय ती मी."

"ही?" धम्मपाल म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या आवाजात आलं. "आई, ही तर कुणीही असेल."

मग पारूबाईंनी गाळलेली गोष्ट सांगितली. आत्तीची अट, आणि मास्तर काय म्हणाले ते. सांगताना त्यांच्याच कानाला ते बनवून सांगितल्यासारखं वाटलं. माणसांनी माना हलवल्या. एक वहिनी म्हणाली, "असंल की. असंल." बाळासो म्हणाले, "असू दे आक्का. मनाला लावून घेऊ नगंस." दवाखान्यात खाटेशी बोलत होते त्याच आवाजात बोलले. मग बारीक आवाजात वाद सुरू झाला. पारूचे केस एवढे लांब होते का, नव्हते का. नेसरीत तशा हिरव्या चोळ्या मिळत होत्या का. ही खांद्यानं भरलेली आहे आणि आक्का काडी होती. मास्तरांनी एखादी मंगळवार पेठेतलीच बसवली असेल. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. आपल्या माणसाच्या भल्यासाठी बोलत होते.

पारूबाईंचे गुडघे बोलायला लागले. गृहस्थांचं स्टूल भिंतीकडं होतं, ते त्यांनी ओढून घेतलं आणि चित्रासमोर बसल्या. त्यांना आता कुणाला पटवायचं नव्हतं. सोमवारी हे बंगळूरला जाणार, तोवर बघून घ्यावं, एवढंच. त्या बघत राहिल्या. पोरगी खिडकीबाहेर बघत होती आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं. गारगोटी नाही, कबनूर नाही, सज्जन नवऱ्याचं ते एकच बरं नाही. मास्तरांनी तिच्या पाठीवर दुपारचं ऊन असं टाकलं होतं की तिथं हात लावला तर चटका बसावा. तोंड नको होतं म्हणाले, ते काही अपमान करायला म्हणाले नव्हते, हे एवढ्या वर्षांनी पारूबाईंच्या ध्यानात आलं.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की मागचा वाद थांबलाय. माणसं कंटाळून बाहेर गेली असतील, शहाळी मोजत असतील, असं त्यांना वाटलं. पण पाय वाजले नव्हते. दिवे मालवायला आलेले गृहस्थही दिवे मालवत नव्हते. श्रुतीचा श्वास तेवढा ऐकू आला.

पारूबाई स्टुलावर बसल्या होत्या, नेहमी बसतात तशा. सगळा भार एका कुशीवर आणि डावा हात मागं कमरेवर, तळवा बाहेरच्या बाजूला. समोर भिंतीवर, खिडकीच्या उजेडात, तोच हात तसाच होता.

"आई," धम्मपाल म्हणाला.

मग चिमणाबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "आणि मी म्हटलं, कंबर दुखतीया."

पारूबाई वळल्या नाहीत. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात वापरला आणि डावा होता तिथंच ठेवला. तोंड दाखवायचं नाही, ही आत्तीची अट त्यांनी अजून मोडलेली नव्हती.